पाठ केलेली शेळी

अनसिंगच्या शाळेत तिसरीच्या मुलांची वाचनाची तपासणी लागली, तेव्हा नीलिमा धास्तावली. ती शाळेत खिचडी शिजवायची आणि तिची पौर्णिमा त्याच वर्गात होती. पोरगी बोलण्यात पटाईत, पण पुस्तक समोर धरलं की मुकी. या टेस्टमध्ये नापास झाली तर गाव तिला येडी म्हणेल, एवढंच नीलिमाला कळलं होतं. आणि गावाला शिक्का मारायला शाई लागत नाही.

हजेरीत आधी मुलगे, मग मुली. पहिल्या दिवशी तपासणीला वाशिमहून आलेल्या मॅडमनी मुलग्यांना एकेक करून आत बोलावलं. बाहेर आलेला प्रत्येक जण ताट घेऊन नीलिमापुढेच यायचा.

"काय वाचाले लावलं रे बादल?"

"गंगूची शेळी, मावशी. ते रानात हरवते."

एकाकडून एक ओळ, दुसऱ्याकडून दुसरी. पातेलं रिकामं होईस्तोवर अख्खा उतारा तिच्यापाशी जमा झाला. आईच ती, मायेपायी अक्कल गहाण टाकून बसली. संध्याकाळी चुलीपाशी बसवून तिने तो पौर्णिमाकडून घोकून घेतला. तिसऱ्या खेपेला पोरीने धडाधडा म्हणून दाखवला.

"आता कोन म्हन्ते माह्या लेकीले येडी?" नीलिमाने पोरीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाचं वाचन ऐकून मॅडम हसतच बाहेर आल्या. "एक शब्द चुकला नाही. हिला काही अडचण नाही. असती तर शिकवायला वेगळ्या बाई आल्या असत्या, परीक्षेत पेपर वाचून दाखवायला माणूस मिळाला असता. आता गरजच नाही."

नीलिमाने मॅडमना अडवलं. "म्हन्जे तुमी येडी नसतं ठरवलं?"

"वेडी कशाला? अशी मुलं हुशारच असतात. अक्षरं तेवढी त्यांना दाद देत नाहीत."

खरं अगदी जिभेवर आलं होतं. पण शेजारी वर्गशिक्षक हरिसिंग सर उभे होते, आणि खिचडीचं काम त्यांच्याच शब्दावर मिळालेलं. तिने गिळलं. मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली.

टेस्ट होईपर्यंत सरांनी पोरीला दमानं घेतलं होतं. आता ते नीलिमाकडे वळले. "म्हन्जे डोस्कं ठीक हाय. नुसतं ढोंग करून राह्यली होती. आता मी पाह्यतो."

सोमवारी नीलिमा तांदूळ वैरत होती. वर्गातून सरांचा आवाज आला, "पौर्णिमा, उभी राह्य. नवा धडा वाच."

मग पोरीचा आवाज आला, खणखणीत, आईने शिकवला होता अगदी तसा.

"गंगूची शेळी सकाळी रानात गेली..."

पोरं खदखदून हसली.

"माही मस्करी करतं?" लाकडी पट्टी टेबलावर आपटली आणि वर्गाचं दार लागलं.

नीलिमा हातातलं सूप टाकून धावली. दाराला आतून कडी होती. आत पौर्णिमा तोच उतारा पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, या खेपेला आणखी मोठ्याने.