सत्तेचाळीस, हाजिर

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. रुपयाहून थोडा मोठा, वर एक भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, ४७. मलकापुरातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, मी छत्तीस वर्षे नोकरी केली. आता एका घराच्या कोनाड्यात पडून असतो. माझी गोष्ट थोडी भीतीची आहे. भुताची आहे की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

एका कारागिराने पत्र्यातून आम्हा शंभर भावंडांना कापले. माझ्यावर त्याचा हातोडा जरा तिरका बसला आणि माझा सात वाकडा झाला. शंभरांत तेवढाच मी वेगळा, म्हणून मला त्या साताचा फार अभिमान होता. फाटकाजवळच्या फळीवर आम्हाला खिळ्यांना टांगले. कामगाराने सकाळी आपला बिल्ला उचलायचा, हजेरीला दाखवायचा आणि संध्याकाळी परत टांगायचा, असा नियम होता.

मी हैदरच्या वाट्याला आलो. हैदर दिवसभर मशीनमध्ये कापूस घालायचा. दुपारी भाकरीबरोबरची उरलेली चिंच लावून तो मला घासायचा आणि सगळ्यांना दाखवायचा, "पाहा बे, आपला बिल्ला कसा चमकून राह्यला!" ते ऐकून मी फुगून जायचो. सतरा सीझन असे गेले. रुईची धूळ त्याच्या छातीत बसत गेली, खोकला वाढला, आणि एका दिवाळीनंतर मला खिळ्यावरून काढायला कोणीच आले नाही.

आठवड्याने हैदरची बायको अख्तरी फाटकात उभी राहिली. कडेवर वर्षाची हीना. हजेरी कारकून चिंतामणराव मनाने वाईट नव्हते. ते हळूच म्हणाले, "तुमचं नाव घालाचं तं नवी भरती होते. भरतीले वरून मंजुरी लागते. ती येईस्तोवर सीझन निंगून जाते. हैदरच्याच नंबरावर लागून जा. कागदाले काय समजते!"

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. "सत्तेचाळीस, हैदर!" आणि बाईचा आवाज आला, "हाजिर." सगळे कामगार एकदम वळले. ज्या नवऱ्याचे नाव तिने कधी तोंडातून काढले नव्हते, त्याच नावाला ती ओ देत होती. त्याच क्षणी मशीनच्या मागे कोणीतरी खोकले. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. कापसाच्या धुळीत सगळेच खोकतात, हे मला माहीत आहे. तरी माझे पितळ गार पडले.

तो खोकला मी एकोणीस सीझन ऐकला. हैदर कबरीत होता आणि हजेरीपटात रोज कामावर येत होता. अख्तरी रोज कामावर येत होती आणि कोणत्याच कागदावर नव्हती. मुकादम तिला "ए सत्तेचाळीस" म्हणायचा. घरी ती अम्मी आणि मोहल्ल्यात हीनाची अम्मी होती. तिला नावाने कोण हाक मारणार? ज्या आकड्याचा मी एवढा तोरा मिरवला होता, तो आकडा तिचे नाव खात होता, आणि मला त्याची लाज वाटू लागली.

हीना कॉलेजात समाजशास्त्र शिकू लागली. एकदा फाटकाबाहेर आईची वाट पाहत ती वहीतून मोठ्याने पाठ करत होती, "कामगार जे बनवतो, तेच त्याला परके होते. कचेरीत पद कायम राहते, माणसे बदलतात. नियम माणूस पाहत नाही."

मला खिळ्याला टांगायला आलेल्या अख्तरीने फाटकातूनच विचारले, "हे लिहिणारे कोन्या जिनात कामाले होते व?"

"जर्मनीचे होते, अम्मी. शंभर-दीडशे वर्षांआधीचे."

"मंग त्याईले आपला सत्तेचाळीस नंबर कसा माहीत?"

हीनाने वही मिटली.

गेल्या सीझनला मालक बदलले आणि अंगठ्याचे मशीन आले. नव्या बाबूने यादी पाहिली आणि समोरच्या अख्तरीला म्हटले, "सत्तेचाळीस, हैदर. त्याईले आणा, अंगठा घ्याचा हाय."

"ते वारले. एकोणीस वर्षं झाले."

"मंग काम कोन करून राह्यलं?"

"मी."

"तुमचं नाव तं कुठंच नाही, मावशी."

तो उद्धट नव्हता. त्याने तिला पाणीसुद्धा दिले. पण शनिवारपर्यंत यादी दुरुस्त झाली नाही तर सत्तेचाळीस कमी होणार होता, म्हणजे अख्तरी घरी बसणार होती. दुरुस्ती एकाच माणसाच्या हातात होती, आणि त्यासाठी त्या माणसाला लिहून द्यावे लागणार होते की आपण एकोणीस वर्षे मेलेल्या माणसाची हजेरी लावली. चिंतामणरावांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

शुक्रवारी त्यांनी ते लिहून दिले, खाली सही केली आणि हजेरीपटात हैदरच्या नावावर रेघ मारली.

शनिवारी आम्हा बिल्ल्यांची शेवटची हजेरी झाली. चिंतामणरावांनी घसा साफ केला. "अख्तरी!"

कोणीच बोलले नाही.

"अख्तरी!"

ती समोरच उभी होती, मला मुठीत धरून. इतरांसारखी तीही इकडेतिकडे पाहत होती, ही कोण बाई आहे म्हणून. तिसरी हाकही तशीच गेली. चिंतामणरावांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि खाली मान घालून म्हणाले, "सत्तेचाळीस."

"हाजिर," ती लगेच म्हणाली.

त्या दिवशी मशीनमागे कोणी खोकले नाही. मी फार वेळ कान देऊन होतो.

अख्तरीचे काम टिकले. आता ती मशीनवर अंगठा ठेवते आणि मी तिच्या घरी काळा पडत चाललो आहे. हीना रोज संध्याकाळी दारातून हाक मारते, "अख्तरी!" अम्मी हसतसुद्धा नाही, ती हाक आपल्याला आहे हे तिला कळतच नाही. हीना मात्र रोज हाक मारते.

मित्रांनो, मला चिंचेने घासले नाही तरी चालेल. पण तुमच्या आसपास कोणी नंबराने, हुद्द्याने, नाहीतर दुसऱ्याच कोणाच्या नावाने जगत असेल, तर त्या माणसाचे नाव विचारून घ्या आणि त्याला नावाने हाक मारा. पहिल्या हाकेला ओ आली नाही, तर पुन्हा मारा.