मोटारींचं मौन

विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. काठावर पाणीबाबा उभा होता आणि तो वर ओढत असलेल्या दोरावर सगळ्यांचे डोळे खिळले होते. दोराला बांधलेली लाल चिंधी काल सकाळी कोरडीच राहिली होती. आज तोच दोर तेवढाच खाली सोडला, तर चिंधी चिंब भिजून वर आली.

"तुम्ही जळाची झोपमोड केलीत, म्हणून ते रुसलं होतं. मी मंत्राने त्याची समजूत काढली," बाबा म्हणाला.

गर्दीत सर्वांत आधी हात जोडले आत्याबाईंनी. त्यांची रोपवाटिका याच विहिरीवर चालायची. गेले काही दिवस विहीर दुपारीच तळ दाखवत होती आणि मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

बाबाने मागितलंही फार नाही. टेकडीखालचा जुना तलाव बुजवून तिथे मठ बांधायचा, एवढंच. "विहिरी मी भरतो. तो खड्डा हवाय कशाला?" संध्याकाळच्या सभेत सगळे हात वर करणार हे ठरल्यातच जमा होतं. आत्याबाईंचा हात तर आतापासूनच शिवशिवत होता.

घरी आल्यावर भाचीने विचारलं, "आत्या, मंत्र चालू असताना तुम्ही सगळे काय करत होता?" ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि जेवतानासुद्धा प्रश्न विचारायची.

"मौन पाळत होतो. माणसांचं आणि मोटारींचंही. काल सकाळपासून गावात एकाही विहिरीवर मोटार चालू नव्हती. घरघरीने जळ दचकतं म्हणे."

भाचीला हसू आवरेना.

"दात काय काढतेस? दोर खोटं बोलतो का?"

"दोर अगदी खरं बोलतोय गं. तुझं मोठं घमेलं दे मला."

सभेत तिने ते घमेलं मधोमध ठेवलं. त्यात ओली वाळू होती आणि वाळूत भोकं पाडलेले छोटे डबे रोवले होते. "हे डबे म्हणजे आपल्या विहिरी. वाळू म्हणजे खालची जमीन." तिने दवाखान्यातून आणलेल्या, सुई नसलेल्या पिचकाऱ्या आत्याच्या, पुढाऱ्यांच्या आणि न्हाव्याच्या हातात दिल्या. "या मोटारी. ओढा पाणी."

सगळे पोरांसारखे तुटून पडले. बघता बघता डब्यांचे तळ दिसले.

"आता थांबा."

आजूबाजूच्या वाळूतून पाणी हळूहळू झिरपलं आणि डब्यांत पुन्हा चढलं.

"मंत्र कोणी म्हटला?" भाचीने विचारलं.

"मी फक्त शिंकलो," न्हावी म्हणाला.

"मग तुमच्या शिंकेत सिद्धी आहे, काका."

हशा ओसरल्यावर तिने घमेल्याच्या कडेला तांब्याभर पाणी ओतलं. ते वाळूत मुरलं आणि डबे आणखी भरले. "हा आपला तलाव." मग तिथेच एक ताटली दाबून बसवली. "हा मठ." पुन्हा पाणी ओतलं, तर ते ताटलीवरून घसरलं, घमेल्याबाहेर सांडलं आणि थेट पुढाऱ्यांच्या चपलांत गेलं.

आत्याबाई त्या ओघळाकडे बघत राहिल्या. त्यांना त्यात आपली रोपं वाहून जाताना दिसली.

"पोरखेळ आहे हा," बाबा गरजला.

"मग आज मोटारी चालू ठेवून मंत्र म्हणा," आत्याबाईच म्हणाल्या. "चिंधी भिजली, तर तलाव तुमचा."

"यंत्र चालू असताना मंत्र चढत नाही, माई."

"म्हणजे मंत्रापेक्षा बटण मोठं," न्हावी पुटपुटला. पुटपुटला म्हणजे शेवटच्या ओळीत ऐकू गेलं एवढ्याच आवाजात.

हात वर झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबाही दिसला नाही.

मौन मात्र गावाने ठेवून घेतलं. आता मोटारी पाळीपाळीने चालतात आणि तलावातला गाळ काढायला सगळे येतात. गाळ आत्याबाईंच्या वाफ्यांत जातो. मिरची अशी तरारली आहे की बघणाऱ्यालाच ठसका लागावा.

मुलांनो, उद्या कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला, तर त्याच्या हातांकडे बघाच. पण त्या वेळी तो तुम्हाला काय करायला लावतो, तेही बघा. त्या गावाची विहीर भरली होती ती गावानेच. श्रेय तेवढं बाबा उचलून नेत होता.