थोरला आत आहे

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो की त्याला कुणी काही विचारत नाही, नुसतं सांगतात. या घरात तो मान थोरल्याचा. मिसरूड फुटायच्या आत बाप गेला, आणि आईनं डोळे पुसता पुसता बापाचं फावडं त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून तो खाणीत उतरत होता. बहिणींची लग्नं केली, त्यातली एक, दोन पोरं घेऊन, परत आली तिला ठेवून घेतलं, धाकट्या भावाचा संसार मांडून दिला. कंपनीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अकरा माणसं. रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून.

गेल्या वर्षी खाणीत छत बसलं. थोरला तीन सोबत्यांना घेऊन एका जुन्या, बंद पडलेल्या बोगद्यात शिरला म्हणून चौघंही वाचले, पण बाहेर काढेपर्यंत एक अख्खा दिवस आणि रात्र गेली. ते तिघं काम सोडून पांगले. थोरल्याला पांगायची सोय नव्हती. तो पुन्हा कामावर गेला, आणि खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यासमोर त्याचे पाय जे थिजले ते थिजलेच. दरदरून घाम, धाप, डोळ्यांपुढं अंधारी. भित्रा म्हणावं तर तसाही नव्हता हो. पण शरीरानंच नाही म्हटलं तर माणसानं करावं काय?

कंपनीला सांगावं तर क्वार्टर जाणार. धाकट्याला लावून घ्यावं तर नवी भरती बंद. घरात आठ दिवस खलबतं झाली, आणि शेवटी थोरल्याच्या बायकोच्या मामानं डोकं चालवलं. मामाची गावाबाहेर लाकूड कापायची गिरणी होती आणि धाकटा तिथंच कामाला होता.

"अदलाबदल करा," मामा म्हणाला. "दोघं एका साच्यातून काढल्यासारखे. तोंडाला काजळी लागली की आईसुद्धा फसेल."

खाणीच्या गेटवर हजेरीचे बिल्ले देणारा कारकून थोरल्याच्या बायकोचा चुलतभाऊच होता. तो कानाडोळा करायला तयार झाला. मग काय, धाकटा थोरल्याचा बिल्ला घेऊन खाली जायला लागला. टोळीतली तिघं कालपरवाची पोरं, त्यांनी खरा थोरला कधी पाहिलाच नव्हता. आणि थोरला गिरणीत आऱ्यावर.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जो माणूस हजेरीप्रमाणे जमिनीखाली आहे, त्यानं दिवसाढवळ्या रस्त्यावर दिसावं कसं? उजाडायच्या आत गिरणीत शिरायचं आणि अंधार पडल्यावर मागच्या गल्लीनं घरी यायचं. ओंडक्यांच्या थप्पीमागं बसून डबा खायचा. गिऱ्हाईक आलं की भुशाच्या खोलीत जायचं आणि शिंक आली तरी गिळायची. खाणीत निदान मोकळेपणानं खोकता येत होतं. मामाला याची भारी गंमत.

"जावईबापू," तो म्हणायचा, "तुमच्यासारखा नोकर शोधून सापडायचा नाही. पळून जायची सोयच नाही."

थोरला हसायचा. दुसरं करणार काय? पण संध्याकाळी घरात शिरताना धाकट्याच्या चपला दारात दिसेपर्यंत त्याच्या जिवात जीव नसायचा.

एक दिवस दुपारच्या आधी खाणीचा भोंगा वाजला. अवेळी, आणि थांबेचना. मामाच्या मुलानं आरा बंद केला. थोरला हातातली फळी टाकून फाटकाकडं धावला, तसा मामानं त्याचा दंड धरला.

"कुठं निघालास? तू आत आहेस."

थोरल्यानं मामाचा हात असा झटकला की म्हातारा भुशात जाऊन बसला. डोक्यातोंडाला टॉवेल गुंडाळून तो खाणीच्या गेटवर पोचला आणि गर्दीच्या मागं उभा राहिला. खाली पुन्हा छत बसलं होतं. वर आलेल्यांनी बिल्ले फळ्यावर परत टांगले होते, चार मात्र नव्हते. त्यातला एक त्याचा.

पुढं त्याची बायको बसली होती. शेजारणी तिला धरून होत्या, कुणी पाणी पाजत होतं. ती खोटं रडत नव्हती बरं का. लग्न होऊन आली तेव्हा दीर शाळेत जात होता, तिनंच त्याला जेवूखाऊ घालून मोठा केला. आणि धाकट्याची बायको? ती मागं भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबून. तिचा नवरा गिरणीत सुखरूप होता ना. तिला रडायची परवानगी नव्हती. एक शेजारीण तर तिला म्हणाली, "अगं, नशीबवान तू. जा, जावेला सांभाळ."

थोरल्याला ते ऐकवेना.

तेवढ्यात खालून मुकादम वर आला. खाणीतला जुना माणूस, आवाज ढगासारखा. "घाबरू नका," तो म्हणाला. "टोळीत थोरला आहे. तो पोरांना घेऊन जुन्या बोगद्यात शिरला असणार, मागच्या वेळेसारखा. सगळी माणसं तिकडून खणायला लावलीत."

गर्दीनं सुटकेचा श्वास सोडला. थोरल्याचा मात्र अडकला. जुना बोगदा एका टोकाला, टोळीचं काम दुसऱ्या टोकाला. धाकट्याला तो बोगदा माहीतच नव्हता. थोरल्यानं कधी सांगितलाच नव्हता, त्या रात्रीचं नाव काढलं की त्याची जीभ वळत नसे. आत ती तीन पोरं धाकट्याला थोरला समजून त्याच्या तोंडाकडं बघत असतील, आणि इकडं बाहेरचे लोक रिकामा बोगदा खणत होते.

आईनं त्याला टॉवेलात ओळखलं. जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "तोंड उघडू नकोस. खणतायत, सापडेल. झाकली मूठ आहे तोवर घर आहे."

"आई, चुकीच्या जागी खणतायत."

"दोन्ही बाजूंनी बुडू आपण." आणि मग तिचा आवाज फाटला. "मी कुणाकडं बघू रे? आत एक आहे आणि घरात दहा."

तिला तरी काय बोलणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. थोरला तसाच उभा राहिला. खरं सांगायचं तर बराच वेळ उभा राहिला. मग भिंतीपासची धाकटी त्याच्याजवळ आली. सासरी आल्यापासून ती त्याच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "ह्यांना जुना बोगदा कुठं ठाऊक आहे?"

थोरल्यानं टॉवेल सोडला आणि गर्दी रेटत पुढं गेला. बायका किंचाळल्या. मुकादम दोन पावलं मागं सरला.

"तू? मग आत कोण आहे?"

"माझा धाकटा भाऊ. माझ्या बिल्ल्यावर. त्याला जुना बोगदा माहीत नाही."

मॅनेजर पोलिसांचं काहीतरी बोलायला लागला. मुकादमानं त्याला हातानंच थांबवलं. "ते मागाहून. कुठं असेल तो?"

"कामाच्या तोंडाशीच, टोळी खणत होती तिथं. लहानपणी बाजारात चुकला तरी तो हलायचा नाही, होता तिथंच बसायचा. आताही बसला असेल. त्या पोरांनाही बसवलं असेल."

"चल खाली. दाखव."

थोरला गेला. पिंजऱ्याच्या दारापर्यंत गेला. भाऊ आत होता, सगळं गाव बघत होतं, आणि त्याचे हात बाहेरच्या गजांना असे चिकटले की दोघांनी ओढूनही सुटेनात. शेवटी तो तिथंच मातीत बसला आणि रडत रडत बोटानं मातीवर वाट आखून दाखवली. मुकादम ती बघून उतरला.

दिवस मावळता मावळता चौघं वर आले. धाकट्याचा पाय मोडला होता, बाकी धड. काजळीतून नुसते डोळे दिसत होते. थोरला स्ट्रेचरवर वाकला, तसा धाकटा घाबरून कुजबुजला, "दादा, तू बाहेर कशाला आलास? कुणी बघेल ना."

पुढं व्हायचं ते झालं. थोरल्याची नोकरी गेली, बिल्लेवाल्या मेहुण्याचीही गेली. तो दारात येऊन घरादाराला शिव्या घालून गेला, आणि त्याचं तरी काय चुकलं? क्वार्टर सोडायची नोटीस आली. आई भांडी पोत्यात भरायला लागली, पण अकरा माणसं न्यायची कुठं ते कुणालाच सुचत नव्हतं.

पाय जुळल्यावर धाकटा लंगडत गिरणीत आला आणि ओंडक्यावर बसला.

"दादा, काम झालं. अपघातानंतर बरीच माणसं सोडून गेलीत, कंपनीला हात पाहिजेत. मुकादमानं शब्द टाकला. मला माझ्या नावानं घेतायत. क्वार्टर राहिला आपला."

"परत उतरणार तू?"

"मग अकरा जणांना भुशात झोपवू?" धाकटा हसला. पण हसताना तो थोरल्याच्या डोळ्यांत बघत नव्हता.

नको म्हणायला थोरल्याचं तोंड उघडलं. पण नको म्हणायचं तर पुढं म्हणावं लागलं असतं, मी उतरतो. ते शब्द त्याच्याजवळ नव्हते. त्यानं भावाच्या अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "जपून राहा."

सोमवारी सकाळी तो धाकट्याला गेटपर्यंत सोडायला गेला. वाटेत भेटेल तो पाठीवर थाप मारून म्हणत होता, भाऊ असावा तर असा, मरणाच्या दारातून ओढून आणलं. थोरल्याला एकेकाचे पाय धरून सांगावंसं वाटत होतं की असं म्हणू नका. धाकटा पिंजऱ्यात चढला, दार लागलं, आणि थोरला कामाला उशीर होईल म्हणून गिरणीकडं वळला.