दर वर्तुळात नऊ

सायमीने काठी शेवाळात रोवली, तिच्या टोकाला दोरीचा फास अडकवला आणि काठी इल्मोच्या हातात दिली.

"सरळ धरा हं, डॉक्टर. एकटीनं मोजताना ही सारखी कलंडते."

दोरी बरोबर चार मीटरची होती. ती ताणून धरत सायमी त्याच्याभोवती फिरू लागली. वाकून, एकेक पाऊल टाकत, रबरी बुटाच्या टोकाने ब्लूबेरीची झुडपं बाजूला सारत. बाई चौऱ्याहत्तर वर्षांची, पण नजर अजून तेज. फेरी पुरी झाल्यावर ती थांबली.

"शून्य," ती म्हणाली. चर्चमध्ये बोलावं इतक्या हळू.

इल्मो राउटियोने गळ्यातला कॅमेरा हळूच कोटाच्या आत सरकवला. सकाळपासून तीनशे किलोमीटर गाडी हाकत तो इथे आला होता तो रानाचा फोटो काढायला. उत्तरेकडच्या जंगलमालकांसाठी त्याने वनसंशोधन संस्थेतर्फे लिहिलेली मार्गदर्शिका गेली अठ्ठावीस वर्षं घरोघरी होती. तिचा सल्ला साधा, म्हणून लोकांना आवडलेला: तोड करताना बियाण्यासाठी थोडे मोठे पाइन उभे ठेवा, जमीन नांगरू नका, रोपं लावू नका, धीर धरा. बारा वर्षांत हेक्टरी अठराशे रोपं आपसूक येतात. म्हणजे चार मीटर दोरीच्या दर वर्तुळात नऊ.

या हिवाळ्यात तिसरी आवृत्ती निघायची होती. मुखपृष्ठावर या पद्धतीने उभं राहिलेलं खरंखुरं रान हवं होतं. नदीच्या उत्तर उतारावरून दर शरद ऋतूत न चुकता मोजणीचं कार्ड पाठवणारी मालकीण एकच, सायमी कुर्टाक्को. ऑगस्टमध्ये तिची चिठ्ठी आली, 'एकदा येऊन बघून जा.' त्याला ते कौतुकाचं आमंत्रण वाटलं.

आणि समोर हे होतं. चार हेक्टर शेवाळ आणि गवत, करडे पडलेले जुने बुंधे, बियाण्यासाठी राखलेल्या पाइनपैकी निम्मे वादळात आडवे झालेले. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची जमीन. त्याने सायमीबरोबर त्याच वर्षी तोड केली, वर नांगर फिरवून रोपं लावली. त्याचे पाइन आता घराच्या उंचीचे झाले होते.

"माझं काय चुकलं तेवढं सांगा," सायमी म्हणाली. "म्हणूनच बोलावलंय. आता ही जमीन भाचीच्या नावावर करायची आहे. तिला निदान सांगता तरी आलं पाहिजे, मावशीनं कुठं माती खाल्ली ते."

इल्मो खाली बसला. बोटं शेवाळात खुपसली. ती पार मनगटापर्यंत गेली, तरी माती लागेना. इतक्या जाड गादीवर पडलेलं बी रुजणार कुठे? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळलं असतं.

"शेवाळ जरा जाड आहे," तो म्हणाला.

"ते तर तेव्हाही होतं. पुस्तकात लिहिलंय, 'जमिनीला हात लावू नका.' मी नाही लावला. पण रेइनोनं तोडीनंतरच्या वसंतात ट्रॅक्टर आत घातला होता. दोन पडलेली झाडं ओढायला. मी नको नको म्हणत होते. त्यानं तर नसेल झालं?"

रेइनो तिचा नवरा. सहा वर्षांपूर्वी वारला होता.

"असू शकेल," इल्मो म्हणाला.

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग त्याला त्याची चव कळली. ट्रॅक्टरने शेवाळ खरवडलं असतं तर उलट चार रोपं जास्तच आली असती. त्याने काठी उपटली आणि तिच्या मागोमाग चालू लागला. वर बघायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या वर्तुळात शून्य. तिसऱ्यातही शून्यच. चौथं वर्तुळ उताराच्या टोकाला, मोठ्या दगडापाशी होतं. तिथे मात्र माणसाच्या उंचीचे सात पाइन उभे होते, हिरवेगार. इल्मोच्या जिवात जीव आला. नकळत त्याचा हात कोटाच्या आत, कॅमेऱ्याकडे गेला. मग त्याच्या लक्षात आलं की साती पाइन एका ओळीत आहेत. मधलं अंतर प्रत्येकी दोन पावलं.

सायमी त्याच्याकडे बघत होती.

"रेइनो," ती म्हणाली. "एका रविवारी शेजारच्या नर्सरीतून चोरून आणून लावली. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, बाई, जरा त्या दगडाकडे बघून ये, काही उगवलंय वाटतं. वेडा. ओळीत लावलीन. सैन्यात होता ना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, अगं बाई, खरंच की." तिने एका पाइनचा शेंडा हातात घेतला आणि सोडून दिला. "हे धरायचे नाहीत. हे माणसानं लावलेत."

ती बुंध्यावर बसली. पिशवीतून थर्मास, दालचिनीचे पाव आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढलं. पहिली आवृत्ती. पान एक्केचाळीस आपोआप उघडलं, इतक्यांदा ते उघडलं गेलं होतं. 'उत्तर उतार: हेक्टरी १,७६०.' खाली पेन्सिलीची रेघ.

त्या आकड्याकडे बघताना इल्मोला नदी आठवली. पुस्तकाच्या वर्षी वसंत उशिरा आला होता. बर्फ नुकतं फुटलेलं, पाण्यात घराएवढे हिमखंड वाहत होते, पूल नव्हता आणि नाववाला आठवडाभर नाव सोडायला तयार नव्हता. मोजायची वर्तुळं सगळी पलीकडे. तीन दिवस इल्मोने अतिथिगृहात सॉसेज खाल्ली, सौनात वाफ घेतली, खिडकीतून पाणी पाहिलं. चौथ्या दिवशी त्याने दक्षिण काठाचे आकडे उत्तरेच्या तक्त्यात उतरवले. जरा कमी करून, खरे वाटावेत म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात येऊन मोजू, असं तेव्हा मनापासून ठरवलं होतं. सप्टेंबरात पुस्तक छापून आलं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यानंतर उत्तर काठाला जायचं म्हटलं की त्याला नेमकं दुसरं काम निघायचं.

मग सायमीची कार्डं येऊ लागली. दोनशे, पाचशे, नऊशे, करत करत अठराशे. दर शरद ऋतूत कार्ड आलं की त्याला शांत झोप लागायची. बघ, खरंच उगवलं की, तो स्वतःला सांगायचा. मोजलं नव्हतं, पण चुकलं तर नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिच्या कार्डांचा मानाने उल्लेख केला होता.

"सायमीबाई," तो कसाबसा म्हणाला, "कार्डावर तर तुम्ही..."

"तेच सांगायचंय." तिने कप खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते. "पहिली चार वर्षं खरं लिहिलं. शून्य, शून्य. पाचव्या वर्षी संस्थेचं पत्र आलं. तुमच्या सहीचं. मला पाठ आहे. 'जिथे रोपं दिसत नाहीत, तिथे मालकाकडून सूचनांचं पालन झालेलं नसतं, असा आमचा अनुभव आहे.'"

इल्मोला ते पत्र आठवत नव्हतं, ना ती शून्याची कार्डं. तसल्या गठ्ठ्यावर तो चहा पिता पिता सह्या करायचा. पण वाक्य त्याचंच होतं. 'आमचा अनुभव' हे शब्द त्याला फार आवडायचे.

"लाज वाटली हो," सायमी म्हणाली. "गावात मीच नाचत होते पुस्तक घेऊन. रेइनो म्हणत होता, शेजाऱ्यासारखं लावून टाकू. मी म्हटलं, तुला काय कळतंय, डॉक्टरांनी लिहिलंय. मग त्या वर्षी दोनशे लिहिलं. पुढं वाढवत गेले. अठराशेवर पोचल्यावर कळेना पुढं काय करायचं, म्हणून तिथंच ठेवलं. कधी वीस-तीस कमी करायची, मूस हरणं खाऊन गेली असतील म्हणून. खरं वाटावं ना."

तिने जाकिटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"हे संस्थेला द्या. सगळं लिहिलंय. कार्डं खोटी होती, दोष माझा, डॉक्टरांचा काही संबंध नाही. तुमचं नाव खराब व्हायला नको."

इल्मोने कागद घेतला. सुवाच्य, शाळकरी अक्षर. खाली सही, तारीख. दोन आठवड्यांपासून संस्थेतली नवीन संशोधक इइरिस त्याच्या मागे लागली होती, उत्तर उताराचे मूळ तक्ते दाखवा म्हणून. जागा बदलताना गहाळ झाले, असं सांगून त्याने वेळ मारून नेली होती. हा कागद तिच्यापुढे ठेवला की तिचं तोंड बंद झालं असतं. जिल्ह्याभरात जिथे जिथे रान उगवलं नव्हतं, तिथली सगळी चूक एका म्हातारीच्या कार्डांवर ढकलता आली असती. त्याला सुटल्यासारखं वाटलं, अगदी हलकं हलकं वाटलं. आणि ते वाटल्याची अशी काही शरम आली, की हातातला पाव त्याने परत ठेवून दिला.

"तुम्ही बिचारे इथं गुडघ्यांवर रांगत एकेक रोप मोजलंत," सायमी म्हणाली, "आणि मी स्वयंपाकघरात बसून आकडे लिहिले."

"मी नदी ओलांडलीच नाही," इल्मो म्हणाला.

तिला समजलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. बर्फ, नाव, तीन दिवस, सॉसेज, तक्ता, सगळं. पान एक्केचाळीसवर बोट ठेवून सांगितलं. आवाज त्याचाच होता, पण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखा.

"आणि ट्रॅक्टरनं काही बिघडलं नाही," तो शेवटी म्हणाला. "मघाशी मी खोटं बोललो. उलट फायदाच झाला असता."

कुंपणापलीकडे वाऱ्याने शेजाऱ्याचे पाइन हलले. तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, उघडलं, परत लावलं.

"तो मरेपर्यंत मी त्याला ऐकवलं," ती म्हणाली. "तुझ्या ट्रॅक्टरपायी झालं, म्हणून. पाहुण्यांसमोरसुद्धा. एकदाही उलटून बोलला नाही."

"सायमीबाई, मी..."

"नदी ओलांडून आलात ना आज? पूल झालाय आता."

"हो."

"मग मोजा."

ती उठली. उताराच्या मध्यावर जाऊन तिने काठी रोवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. दोरीचं दुसरं टोक त्याच्यासमोर लोंबत राहिलं. मागोमाग आलेल्या इल्मोने कॅमेरा काढून तिथल्या बुंध्यावर ठेवला, पत्र खिशात घातलं. दोरी ताणली. वाकल्यावर कंबरेत कळ आली, तसा तो गुडघ्यांवर टेकला. पँट लगेच भिजली. तो रांगत रांगत निघाला, हातांनी झुडपं फाकवत, शेवाळ उचलून खाली बघत. फेरी पुरी व्हायला फार वेळ लागला.

"शून्य," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"शून्य!"

त्याचा आवाज उतारावरून खाली गेला आणि एक रानकोंबडा फडफडत उडाला. सायमीने तिचं पत्र त्याच्याकडून मागून घेतलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवर पेन्सिल ठेवून त्याच्यापुढे धरलं.

"लिहा. तारीख घाला. खाली सही, तुमची."

त्याने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. बोटांना चिकटलेली शेवाळाची काडी कागदावर पडली, ती त्याने फुंकून उडवली. मान वर केली तेव्हा सायमी काठी उपटून पुढे निघाली होती.

"उठा," ती मागे न बघता म्हणाली. "अजून पंधरा राहिलीत."