पहिल्या नंबराचं बाळ

डॉक्टर विश्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली. शिकलेली नर्स नाय मी. पण केसपेपर काढणं, वजन घेणं, रडणारं पोर मांडीत धरणं, सगळं माझ्याकडे. वाशिंदमधी अर्धे लोक "गिरजाबाईंचा दवाखाना" म्हणतात. डॉक्टरांना ते ठाऊक आहे, म्हणून मला दुखवत नायत. त्या श्रावणात मात्र मीच त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दोन हजार सहा साल होतं. आमच्या पाड्यातली हौसाबाई नातीला घेऊन दवाखान्यात आली. नात म्हणजे भूमिका, नऊ वर्षांची. गुडघे दुखतात म्हणत होती. मी काट्यावर उभी केली, अठ्ठेचाळीस किलो. डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि भरल्या दवाखान्यात बोलले, "किती खातेस गं? असंच चाललं तर माझा काटा मोडायचा."

बाकावरचे लोक हसले. भूमिकाने चपला उचलल्या आणि हातातच घेऊन बाहेर गेली. पायात घालायलासुद्धा थांबली नाय.

माझं टाळकं सणकलं. अहो, ती पोरगी म्हणजे आमच्या पाड्याची फुगडीची राणी. पाय रोवून फिरायला लागली की भल्याभल्या बाया "सोड गो बाई" म्हणायच्या. ती त्या दिवसापासून शाळा आणि घर एवढंच करायला लागली. अंगणात नाय, ओट्यावर नाय. हौसाबाई मला नळावर भेटली तेव्हा डोळ्याला पदर लावून म्हणाली, "गवरीला नाचायला नाय जायाचं म्हणते गो. लोक हसतात म्हणते." गवर महिन्यावर आली होती.

मधेच शहापूरहून पत्र आलं. डॉक्टरांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग, लठ्ठ मुलांशी बोलायचं कसं. डॉक्टर पत्र वाचून हसले. "तालुका कुपोषणाने बेजार, आणि हे आम्हाला लठ्ठपणा शिकवणार."

दोन आठवडे मुकी होते, तेव्हा तोंड उघडलं. "जा डॉक्टर. तुमाला गरज आहे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तुम्हीपण चला."

मला काय, मी डबा घेऊन तयार.

हॉलमधे तीसेक डॉक्टर, आणि शिकवायला मुंबईच्या एक मॅडम. मुरबाडकडचा एक डॉक्टर उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या सिद्धगडाच्या पायथ्याला या. तिथे वजन वाढवायचं औषध सांगा." सगळे खिदळले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "येते की. पण तिथलं पोर काट्यावर उभं राहिलं की तुम्ही काय म्हणता? सगळ्यांसमोर काडी म्हणता, की सुकट?" तो गपकन खाली बसला. मला बाई आवडली.

मग त्यांनी जोड्या लावल्या. एकाने डॉक्टर व्हायचं, एकाने पोर. पोर व्हायला कोणी तयार होईना, सगळ्यांना डॉक्टरच राहायचं. मी उठले. "मी होते पोरगी. नऊ वर्षांची. नाव भूमिका. आणि डॉक्टर मला आमचेच पाहिजेत." विश्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुमी.

ते समोर बसले. "बाळ, तुझं वजन जरा..." मी चपला हातात घेतल्या आणि चालू पडले. हॉल हसून आडवा झाला.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

"बरं, तू दिवसभरात काय काय खातेस?"

"तुमी काय खाता?" मी त्यांच्या पोटाकडे बघून विचारलं. ते पोट म्हणजे शर्टाच्या बटणाची रोजची परीक्षा. पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी डॉक्टरांना बाकावरचं ते हसणं कसं असतं ते कळलं. त्यांचे कान लाल झाले.

तिसऱ्या वेळी त्यांनी घाई केली नाय. खुर्ची माझ्याजवळ ओढली, आवाज खाली आणला. "भूमिका, एक विचारू? नको वाटलं तर सांगू नकोस."

"विचारा."

"त्या दिवशी मी बोललो, ते लागलं ना तुला?"

मी चांगलं सणसणीत उत्तर तयार ठेवलं होतं. ते कुठे गेलं कोण जाणे. पन्नाशीची बाई मी, तीस डॉक्टरांसमोर घळाघळा रडले.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून ते म्हणाले, "बसा स्कूटरवर. हौसाबाईकडे जायचंय." घरात पाऊल टाकलं तर भूमिका सटकन दाराआड. हौसाबाईने पाणी दिलं आणि डॉक्टरांना धरूनच भिंतीपाशी नेलं. देवाच्या तसबिरीशेजारी एक फ्रेम होती, तिला प्लास्टिकच्या फुलांचा हार. "सुदृढ बालक स्पर्धा, १९९७. प्रथम क्रमांक, कु. भूमिका." खाली परीक्षक म्हणून आमच्या डॉक्टरांचीच सही, का. ल. विशे.

"आठवतं का डाक्टर? तुमीच माइकवर बोललात, असं बाळ अख्ख्या वाशिंदमधी दुसरं नाय म्हणून. स्टीलचा डबा दिलात माझ्या हातात. तेव्हापासून मी तिला काय कमी पडू दिलं नाय बघा. पुरे म्हणाली तरी एक वाटी जास्त वाढते. तिच्या बापाला, माझ्या दीपेशलाबी सांगून ठेवलंय, कंपनीतून येताना रिकाम्या हाताने यायचं नाय, खाऊचं पाकीट आणायचं. पहिला नंबर घालवून चालेल का?"

डॉक्टरांनी चष्मा वर करून सही वाचली. आणि त्या स्पर्धेच्या दिवशी तंबूत बाळांची वजनं करायला बसवलं होतं कोणाला? मला. ज्याचं वजन जास्त, त्याचा नंबर वर, एवढंच बघितलं होतं आमी. डॉक्टरांवर दोन आठवडे धुमसत होते, आणि काटा धरणारी मीच.

"हौसाबाई," डॉक्टर म्हणाले, "पोरीचं काही चुकलं नाय, तुमचंही नाय. नंबर देणारे आमी चुकलो. नुसतं वजन बघितलं."

तिचा चेहरा उतरला. "बक्षीस परत नेणार का मग?"

"छे. तिचं आहे, तिच्याकडेच राहील. पण आता ते राखत बसू नका. ती पुरे म्हणाली की पुरे. आणि दीपेशची पाकिटं सगळ्या घरानेच कमी करायची, एकट्या तिची नाय."

हौसाबाईने फ्रेमकडे बघितलं, मग दाराकडे. "पुरे म्हणाली म्हणून नऊ वर्षं उगाच रागावले म्हणायचं पोरीला," ती म्हणाली.

डॉक्टर दारासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्या पोटाने ते सोपं नव्हतं. "भूमिका, त्या दिवशी मी वाईट बोललो. चुकलं माझं. आता एक विचारू? नको वाटलं तर सांगू नकोस."

दाराआडून काही नाय. डॉक्टरही थांबले. एवढा वेळ थांबलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते.

"विचारा," शेवटी बारीक आवाज आला.

"तुला काय करायला आवडतं?"

ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघत राहिले, उत्तर तिनेच द्यायचं होतं.

"फुगडी."

"मला शिकवशील?"

मग काय विचारता. अंगणात डॉक्टरांनी पँट वर दुमडली, भूमिकाने पदर नाय म्हणून ओढणी खोचली, आणि दोघांनी हात धरले. पहिला फेरा बरा गेला. दुसऱ्याला चष्मा उडाला. तिसऱ्याला डॉक्टर "सोड गो बाई" म्हणाले आणि पायरीवर जाऊन फतकल मारून बसले. तोवर अख्खा पाडा जमला होता आणि पोट धरून हसत होता.

भूमिका अंगणाच्या मधे उभी. कपाळावर घाम, गाल लाल, डोळ्यांत चमक. ती डॉक्टरांकडे बघत होती आणि हसणाऱ्या लोकांकडे बघत होती. मला वाटलं, आता फेडणार. "किती खाता ओ?" म्हणणार, सगळ्यांसमोर. म्हणायलाच पाहिजे होतं, मी असते तर म्हटलंच असतं.

ती जवळ आली, त्यांच्या कानाशी वाकली. मी बाजूलाच चष्मा पुसत होते म्हणून मला ऐकू आलं.

"डॉक्टर, एक विचारू? नको वाटलं तर सांगू नका."

"विचार."

"गवरीला याल नाचायला? मी हळू फिरवीन."