रामनाथशेठची चाळीस अक्षरं

पूर्णा गावच्या रामनाथशेठनी सत्तावन्नाव्या वर्षी जपानी अक्षरं गिरवायला घेतली, हे गावात कळलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून दुपारी जेवण झालं की ते आतल्या खोलीचं दार लोटून घेत. बायकोला, हौसाबाईंना वाटे, शेठ झोपले. शेठ मात्र मांडी घालून, जीभ दातांत धरून, गणिताची चौकटीची वही भरत बसलेले असत.

ज्यांवर बघून ते गिरवत, त्या चिठ्ठ्या त्यांना घरच्याच रद्दीत सापडल्या होत्या. त्या त्यांच्या मुलीच्या, ऋतिकाच्या.

ऋतिका गावातल्याच एका गोदामात मालाची कागदपत्रं बघायची. तिथे जपानहून यंत्रांचे सुटे भाग येत. खोक्यांवरची ती अक्षरं रोज बघून पोरीच्या डोक्यात किडा वळवळला. क्लास होता ठाण्याला. “त्या ट्रॅफिकमदी रोज कोन जाईल?” म्हणून शेठनी तो विषय जागच्या जागी मिटवला. मग ती मोबाइलवर बघून स्वतःच शिकायला लागली. एका चिठ्ठीवर एक अक्षर, मागे मराठी अर्थ. चिठ्ठ्या फ्रीजवर, आरशावर, अगदी पाण्याच्या मोटरच्या बटणावरही. वर्षभरात शंभर झाल्या. डिसेंबरातल्या एका रविवारी पहिल्या पायरीची परीक्षा होती आणि गोदामाच्या साहेबांनी शब्द दिला होता की पास झालीस तर सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवतो.

नेमकं त्याच रविवारी भावेशचं लग्न निघालं. भावेश म्हणजे शेठच्या थोरल्या भावाचा मुलगा, आणि ऋतिका त्याची करवली. नाक्यावर वीस फुटी बॅनर लागला. नवरदेवाशेजारी करवलीचा फोटो, डिझाइनवाल्याने स्वतःच्या हौसेने तिला काळा गॉगलही चढवलेला.

“बॅनरवर फोटो लागलाय तुजा,” शेठ म्हणाले. “मांडवात तू न्हाय दिसलीस तर लोकांना काय सांगू? पेपर काय, परत देता येतो.”

ऋतिका भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं शेठना आता वाटतं. ती पाण्याचा करा घेऊन नवरदेवामागे उभी राहिली आणि सगळ्या फोटोंत हसली. जपानची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. आठवड्याभरात फ्रीज कोरा झाला.

त्या कोऱ्या फ्रीजने शेठचा पिच्छाच पुरवला. रद्दीवाला आला त्या दिवशी त्यांनी गठ्ठ्यातून चिठ्ठ्या काढून खिशात कोंबल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिली हाताला लागली ती 田. मागे ऋतिकाच्या अक्षरात लिहिलं होतं, शेत. शेठ बघतच राहिले. चार खाचरं, मधून बांध! त्यांची स्वतःची खाचरं बारा वर्षं गोदामांच्या काँक्रिटखाली होती आणि भाडं खाऊन खाऊन शेठचं अंग सुटलं होतं. पोरीने हे वर्षभर डोळ्यांसमोर चिकटवून ठेवलं होतं. “बाय, ह्ये काय हाय गं?” एवढंही आपण कधी विचारलं नाही. शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नादच लागला. डोंगर आला, नदी आली. एका चिठ्ठीवर शेताच्या खाली ताकद लिहिली होती, आणि दोन्ही मिळून अर्थ होता पुरुष. ती वाचून शेठ आधी हसले, मग वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही.

मध्यंतरी ऋतिकाचं लग्न ठरलं, राहनाळच्या सावळारामशेठच्या कुणालशी. मुलगा चांगला होता. तारीख रामनाथशेठनीच काढून आणली. डिसेंबरातला रविवार, सगळ्या पाहुण्यांना सोयीचा. परीक्षा जुलैतही होती, ती ऋतिकाने तशीच जाऊ दिली. तिला परीक्षेला बसवायची शेठची सगळी मदार आता डिसेंबरवर.

गणपती गेले, चाळीस अक्षरं झाली, आणि एका दुपारी शेठनी वही तिच्यापुढे ठेवली.

“कोनाची ही?”

“माजी.”

ऋतिकाने पानं उलटली. मग पेन्सिल उचलली. “पप्पा, चौकट आधी बंद नाय करायची. आतले बांध घाला, खालची रेघ सगळ्यात शेवटी.” आणि तिने काढून दाखवलं, झरझर. तिचा जुना आवाज ऐकून शेठना भरून आलं.

“फॉर्म चालू झालेत,” ते घाईने म्हणाले. “आजच भर. कुणालशी मी बोललोय, त्याची ना न्हाय.”

ऋतिकाने मोबाइल उघडून त्यांच्यापुढे धरला. परीक्षेची तारीख होती. लग्नाच्या पत्रिकेवर छापायला दिली होती, तीच.

“डिसेंबरची दर वर्षी पहिल्याच रविवारी असते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

“मंग लगीन पुढं ढकलू.”

“खरंच?”

तिने हे इतक्या पटकन विचारलं की शेठ घाबरले. त्यांनी फोन हातात घेतला. सावळारामशेठचा नंबर काढला. हॉल बदलता आला असता, आचारी बदलता आला असता, पैसे बुडाले तरी त्यांना फिकीर नव्हती. पण व्याह्याला सांगायचं काय? पोरीचा पेपर हाय, म्हणून लगीन थांबवा? सावळारामशेठचं हसणं त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं. त्यामागून सगळ्या गावाचं.

ऋतिका पेन्सिल हातात धरून बघत होती.

“उद्या करतो फोन,” शेठ म्हणाले. “आता जेवत असतील ते.”

चार वाजले होते. चार वाजता राहनाळात कोणी जेवत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऋतिकाने पेन्सिल वहीत ठेवली, वही मिटून बापाच्या हातात दिली आणि “चहा टाकते” म्हणून आत गेली. तिला हाक मारावी असं शेठच्या फार मनात आलं. त्यांनी मारली नाही.