चौदा फुटपाथ मोजलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. गाणी ऐकायची नव्हे, मापं घ्यायची. अंग पिवळ्या कापडाचं, लांबी पाच फूट, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टेपच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार? पण मी एकदा निवडणुकीत उतरले होते, आणि तिथे माझ्यामुळे जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एका कारखान्यात माझी फीत विणली गेली, तिच्यावर रंग चढला आणि आकडे छापले गेले. मग कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला दुकानातून निवडून घेतलं. सगळा मोहल्ला त्यांना ताई म्हणायचा, मीही ताईच म्हणते. ताईंच्या गळ्यात मी वीस वर्षं आहे. माप घेण्याआधी मला दोन्ही हातांनी खस्सकन ताणायची त्यांची सवय. एकदा तर मी कपड्यांबरोबर धुतलेही गेले आणि वर इस्त्रीही सोसली. पण ताईंनी शिवलेला कपडा अंगाला बसला नाही, असं कधी झालं नाही. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "वा ताई, काय माप आहे!" आणि मी गळ्यात मनातल्या मनात फुगायचे.

एका आजींचा कोट शिवून दोन महिने झाले, तरी त्या न्यायला येईनात. शेवटी ताईच कोट घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आजी म्हणाल्या, "अगं, येऊ कशी? फुटपाथवर गाड्या, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. रस्त्यातून चालायचं तर गाडीवाले अंगावर येतात. मी आता घरातच असते."

परत येताना ताईंनी मला गळ्यातून काढलं आणि भर रस्त्यात वाकून फुटपाथ मोजला. नियम सहा फुटांचा, भरला जेमतेम चार फूट. मग एका झाडाला माझा वेढा घालून त्या म्हणाल्या, "कंबर अठ्ठेचाळीस! आणि गळ्याशी हा सिमेंटचा पट्टा. श्वास कसा घेतोस रे बाबा?"

पुढच्याच महिन्यात ताई नगरसेवकपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. घरचे आधी हसले, मग कामाला लागले. ताईंच्या मागण्या तीनच होत्या: प्रत्येक रस्त्याला सहा फुटांचा फुटपाथ, प्रत्येक झाडाभोवती तीन फूट मोकळी माती, आणि मुलांच्या मैदानाचा वाहनतळ करायचा नाही. प्रचाराची सगळी सूत्रं धाकट्या जाऊबाईंनी हातात घेतली. आम्ही वॉर्डातले चौदाही रस्ते मोजले. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं, "चौदा रस्ते मोजले, एकही फुटपाथ सहा फूट नाही!"

माझा तोरा काय सांगू! गर्दी जमली की ताई मला उंच धरून म्हणायच्या, "ही खोटं बोलत नाही." आजवर ज्यांनी ताईंकडून नुसत्या बाह्या आखूड करून घेतल्या होत्या, तेही थांबून ऐकू लागले. आजी तर नवा कोट घालून नातीचा हात धरून पहिल्या सभेला आल्या.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी शाळेत सगळ्या उमेदवारांची सभा होती. जुने नगरसेवकही पुन्हा उभे होते. माणूस गोड बोलायचा, पण नेमका चिमटा काढायचा. ते म्हणाले, "ताई, शाळेसमोरचा फुटपाथ मी दोन वर्षांपूर्वी करून घेतला. तोही तुमच्या यादीत आहे. चला, सगळ्यांसमोर मोजू."

सगळी सभा बाहेर आली. नगरसेवकांनी खिशातून पोलादी टेप काढली. बरोबर सहा फूट. मग ताईंनी मला लावलं. पाच फूट पावणेअकरा इंच. पुन्हा लावलं. तेवढंच.

"ताई," नगरसेवक हसत म्हणाले, "कपडे बेतता तसे आरोपही बेतता वाटतं?"

लोक खो खो हसले. ताईंनी मला पोलादी टेपशेजारी आडवं केलं. माझे पाच फूट संपले, तिथे तिचे पाच फूट एक इंच होते. मी वीस वर्षांत ताणून ताणून लांब झाले होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तुम्ही विचाराल, मग कपडे नीट कसे बसायचे? मलाही आधी हेच कळेना. अहो, अंगाचं मापही मीच घ्यायचे आणि कापडही माझ्यावरच बेतलं जायचं. अंगाशी मी जेवढी चुकायचे, कापडाशी तेवढीच चुकायचे, म्हणून चूक दिसायचीच नाही. ती दिसली शेजारी दुसरी टेप आल्यावर.

घरी जाऊबाईंचा पारा चढला. "फेकून द्या ती मेली! आणि ताई, आता या विषयावर एक शब्द काढायचा नाही. बाकीचे फुटपाथ अरुंद आहेतच ना?"

"हिला का फेकू?" ताई म्हणाल्या. "वीस वर्षं हिच्या जिवावर घर चाललं. तपासून बघितलं नाही ते मी." त्यांनी माझ्या पाठीवर पक्क्या शाईने लिहिलं, 'पाच फुटांना एक इंच जास्त.' मग पोलादी टेप विकत आणून त्यांनी दोन दिवसांत चौदाही रस्ते पुन्हा मोजले. तीन फुटपाथ बरोबर निघाले. अकरा खरोखरच अरुंद होते. नवं पत्रक निघालं: "माझी चूक झाली. तीन फुटपाथ चांगले आहेत, ते करणाऱ्यांचे आभार. उरलेल्या अकरांची खरी मापं ही."

"समोरच्याचे आभार? आपल्याच पत्रकात?" जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. पण पत्रकं वाटायला त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या.

ताई सदतीस मतांनी पडल्या.

सव्वा इंचापायी सदतीस मतं! जाऊबाई म्हणाल्या, ते आभार नडले. ताईंचे यजमान म्हणाले, रविवारचं हसं नडलं. ताई एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचा तो कोट काढा बघू, काजं करायची राहिलीत." पण त्या दिवशी सुईत दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला. मी गळ्यातच होते, म्हणून मला माहीत आहे.

आठ दिवसांनी ताई यादी घेऊन पुन्हा निवडून आलेल्या त्याच नगरसेवकांच्या कार्यालयात गेल्या. मागे आजी आणि गल्लीतली वीसेक माणसं होती.

"साहेब," ताई म्हणाल्या, "पोलादी टेपने मोजायचं तुम्हीच शिकवलंत. आता उरलेले अकरा रस्तेही तुम्हीच मोजा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? आजींच्या रस्त्यावर नगरसेवकांनी एक टोक धरलं, ताईंनी दुसरं. ते वाकले, आकडा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"मोठ्याने वाचा ना," आजी म्हणाल्या.

"चार फूट," ते हळूच म्हणाले. "चार फूट एक इंच."

"लिहिलेलंच आहे," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे यादी धरली. तोच आकडा होता. नगरसेवकांनी तिथेच उभ्याउभ्या सही केली. आजवर अकरांपैकी चार फुटपाथ रुंद झाले आहेत आणि तिथल्या झाडांभोवतीचं सिमेंट फोडून काढलं आहे. उरलेल्या सातांसाठी ताई दर सोमवारी कार्यालयात जाऊन बसतात. आजी आता कपडे शिवून घ्यायला स्वतः चालत येतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या टेपा, काटे, घड्याळं अधूनमधून दुसऱ्याशी ताडून बघत जा. आम्ही मुद्दाम खोटं बोलत नाही हो. रोज थोड्या थोड्या ताणल्या जातो, आणि सगळे शाबासकी देत असतात, त्यामुळे आमचं आम्हालाही कळत नाही. वीस वर्षांत मला कुणी एकदा जरी दुसऱ्या टेपशेजारी ठेवलं असतं, तर आज माझ्या ताई नगरसेविका असत्या.